चिपळूणचा पूर : निसर्ग आणि नियोजन
(भाषणाचा मजकूर)

रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण शहराने 22 जुलै 2021 रोजी महापूर अनुभवला. पहाटेच्या अंधारात पाणी वाढू लागले आणि पाहता पाहता बाजारपेठ बुडाली. वाशिष्ठी नदीवरील पुलाजवळ पाण्याने धोक्याची पातळी ओलांडल्याने कोकण रेल्वेची वाहतूक थांबवावी लागली. 1864 मध्ये स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी शिरले. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर अवघ्या 16 वर्षांत शहरावर पुन्हा तीच वेळ आली.

हवामानशास्त्र विभागाच्या परिभाषेत 24 तासांत 204.4 मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे अत्यंत मुसळधार वृष्टी. त्या दिवसांत सह्याद्रीच्या माथ्यावरील महाबळेश्वर येथे एका दिवसात सुमारे 594 मिलिमीटर पाऊस झाला. कोकणातील नद्यांची लांबी कमी आणि उतार तीव्र. त्यामुळे घाटमाथ्यावर पडलेले पाणी काही तासांतच सखल भागात पोहोचते. त्याच वेळी समुद्राला भरती असेल, तर दाभोळ खाडीकडे जाणारा प्रवाह तुंबतो. पात्रात साचलेला गाळ आणि शहरातून वाहणाऱ्या शिवनदीचा संकोच यांमुळे हे संकट अधिक गहिरे होते.

कोयना जलविद्युत प्रकल्पाचे अवजल कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येते. 2021 च्या पुरात त्याचा वाटा किती, यावर बराच वाद झाला. तथापि अवजल केव्हा व किती सोडले जाणार, याची आगाऊ सूचना नागरिकांना मिळाली पाहिजे, याबाबत दुमत असण्याचे कारण नाही.

आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 मध्येच संमत झाला. परंतु कायद्याचे यश गावपातळीवरच सिद्ध होते. रस्ते बंद पडल्यावर बाहेरची पथके पोहोचण्यास वेळ लागतो. पहिले काही तास शेजारीच शेजाऱ्याला वाचवतो. म्हणून प्रत्येक प्रभागात होड्या, दोर व प्रशिक्षित तरुण सज्ज हवेत. घाटमाथ्यावरील पर्जन्यमापकांची माहिती तत्काळ नगरपरिषदेपर्यंत पोहोचली पाहिजे. पूररेषांचे पालन आणि पात्रातील गाळ काढणे ही पावसाळ्यापूर्वीची नित्याची कामे ठरावीत.

पाऊस रोखणे कोणाच्याही हाती नाही. मात्र इशारा आणि पाणी यांपैकी आधी काय पोहोचेल, हे नियोजनाच्या हाती आहे. व्यापाऱ्याची आयुष्यभराची पुंजी आणि घरातील वृद्धांचे प्राण त्या काही तासांवरच अवलंबून असतात.