शेंडेनक्षत्राच्या भेटीस

लखनौ शहराच्या ईशान्य अंगाला इंदिरा नगर ही विस्तीर्ण वसाहत आहे. १४ मार्च १९८६ रोजी पहाटे साडेपाचच्या सुमारास तेथील एखाद्या गच्चीवर उभे राहून आग्नेयेकडे पाहणाऱ्याला आकाश उजळू लागलेले दिसले असते. त्याच वेळी मुंबईवर पुरता अंधार होता आणि पुण्यात पहाटेची पहिली फिकट छटा उमटण्याच्या बेतात होती. देशभर घड्याळ एकच चालते. सूर्य मात्र ते मानीत नाही. एरवी या अर्ध्या तासाच्या फरकाची कोणी दखल घेत नाही. त्या पहाटे मात्र त्याला महत्त्व आले होते. कारण भारतीय वेळेप्रमाणे पाच वाजून तेहतीस मिनिटांनी युरोपीय देशांचे ‘जोत्तो’ हे यान हॅलेच्या धूमकेतूच्या गाभ्यापासून अवघ्या ५९६ किलोमीटरांवरून गेले, आणि तो धूमकेतू त्या वेळी भारताच्या आग्नेय आकाशात होता.

धूमकेतू तेव्हा पृथ्वीपासून सुमारे साडेचौदा कोटी किलोमीटर दूर होता. इतके अंतर कापावयास प्रकाशाला आठ मिनिटे लागतात, आणि यानाच्या रेडिओ संदेशालाही तेवढीच. म्हणजे युरोपातील शास्त्रज्ञांना यानाची वार्ता ज्या क्षणी कळली, त्याच क्षणी त्या घटनेच्या वेळचा धूमकेतूचा प्रकाश पुण्यामुंबईच्या निरीक्षकांच्या डोळ्यांत शिरत होता. अमावास्या चार दिवसांपूर्वीच होऊन गेल्याने पहाटेच्या आकाशात चंद्राचा अडथळा नव्हता. दुर्बिणीतून त्या निरीक्षकांना यान दिसणे अर्थातच शक्य नव्हते. दिसत होता तो एक धूसर, पिंजलेल्या कापसासारखा ठिपका आणि त्याची विरळ शेपटी.

महाराष्ट्रात अशा हौशी मंडळींची परंपरा नवी नव्हती. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांच्या भारतातील संस्थांत ती सर्वांत जुनी गणली जाते. मुंबईत वरळीचे नेहरू तारांगण १९७७ पासून लोकांना आकाशाची ओळख करून देत होते. हॅलेच्या आगमनाच्या सुमारास, १९८५ मध्ये, मुंबईत खगोल मंडळ उभे राहिले. धूमकेतू शहात्तर वर्षांनी येतो आणि काही महिन्यांत निघून जातो. त्याच्यासाठी जमलेली माणसे मात्र तो गेल्यावरही पांगली नाहीत.

लखनौचे आणि या धूमकेतूचे नाते थोडे निराळे आहे. अवधचा नवाब नसीरुद्दीन हैदर याने तेथे एक वेधशाळा उभारावयास घेतली. ‘तारेवाली कोठी’ या नावाने ती इमारत आजही ओळखली जाते. १८३५ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला, तेव्हा ती पुरी व्हावयाची होती. रिचर्ड विल्कॉक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुढे तेथे कित्येक वर्षे वेध घेतले. तो १८४८ मध्ये वारला, आणि दुसऱ्याच वर्षी वाजिद अली शाहने वेधशाळा बंद केली. वेधांच्या वह्या छापल्या न जाताच नाहीशा झाल्या. आकाशाचा वेध घेणे हे अर्धेच काम होय. तो टिपून, योग्य हाती सोपवून, जपून ठेवणे हे उरलेले अर्धे. लखनौच्या वेधशाळेचे पहिले अर्धे काम झाले होते.

१९८६ मध्ये हे उरलेले अर्धे काम होईल अशी तजवीज आधीच करण्यात आली होती. ‘इंटरनॅशनल हॅले वॉच’ या जागतिक योजनेत व्यावसायिक वेधशाळांच्या जोडीने हौशी निरीक्षकांसाठी स्वतंत्र विभाग होता. निरीक्षण कसे करावे व कसे नोंदवावे, यासाठी त्यांना एक पुस्तिकाच दिलेली होती. धूमकेतूची तेजस्विता मोजणे वाटते तितके सोपे नसते. तारा हा बिंदू असतो आणि धूमकेतू हा पसरलेला डाग. दोघांची तुलना करावी कशी? त्यावर युक्ती अशी, की दुर्बीण मुद्दाम थोडी अस्पष्ट करून ताऱ्यालाही डागाएवढे पसरवावयाचे, आणि मग ज्या ताऱ्याची प्रत ठाऊक आहे, त्याच्याशी धूमकेतू ताडून पाहावयाचा. या कामाला महागडे उपकरण लागत नाही. लागतो तो सरावलेला डोळा आणि प्रामाणिकपणा; कारण कालच्या आकड्याशी आजचा आकडा जुळावा, हा मोह फार सूक्ष्म असतो.

इकडे यानांचीही एक वारीच निघाली होती. ६ मार्चला सोव्हिएत संघाचे ‘वेगा-१’ आणि ९ मार्चला ‘वेगा-२’ धूमकेतूपासून आठ-नऊ हजार किलोमीटरांवरून गेले. त्यांच्या दरम्यान आणि मागोमाग जपानची दोन याने दुरून गेली. वेगा यानांनी गाभ्याची नेमकी जागा हेरली, आणि ती माहिती जोत्तोच्या चालकांना पुरविण्यात आली. त्यापूर्वी गाभा नेमका कोठे आहे याविषयी शेकडो किलोमीटरांची शंका होती. ती सुमारे चाळीस किलोमीटरांवर आली. दोन गटांत विभागलेल्या त्या काळच्या जगात एका गटाच्या यानाने दुसऱ्याच्या यानाला वाट दाखवावी, ही गोष्ट धूमकेतूच्या छायाचित्रांइतकीच लक्षात ठेवण्याजोगी आहे.

जोत्तोला हा प्रवास सुखाचा झाला नाही. यान आणि धूमकेतू एकमेकांकडे सेकंदाला ६८ किलोमीटर या वेगाने येत होते. इतक्या वेगात वाळूचा कणही बंदुकीच्या गोळीहून भयंकर ठरतो. म्हणून यानाच्या पुढे दुहेरी ढाल बसविलेली होती. गाभ्याजवळ पोहोचण्यास काही सेकंद उरले असता एका कणाचा आघात झाला, यान हेलकावले आणि त्याचा अँटेना पृथ्वीवरून ढळला. सुमारे अर्धा तास संदेश तुटक येत राहिले. यान पुढे सावरले, पण त्याचा कॅमेरा कायमचा गेला. मात्र तोवर त्याने जे दाखविले होते, ते आधी कोणीही पाहिलेले नव्हते: पंधरा किलोमीटर लांब आणि आठ किलोमीटर रुंद असा, भुईमुगाच्या शेंगेसारखा, कोळशाहून काळा गाभा, आणि त्याच्या उन्हाकडच्या बाजूला मोजक्या ठिकाणांहून उसळणारे वायूचे व धुळीचे फवारे. धूमकेतू म्हणजे धूळ मिसळलेला बर्फाचा गोळा, असे फ्रेड व्हिपल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५० साली मांडले होते. ते मुळात खरे ठरले. मात्र बर्फाच्या मानाने हे काळे कवच पुष्कळांना अनपेक्षित होते.

येथे एक प्रश्न साहजिक उभा राहतो. यान गाभ्याशी जाऊन आले. मग गच्चीवरच्या माणसाने रात्री जागून काय मिळविले? हा प्रश्न वरवर वाजवी दिसतो, पण तो एका गैरसमजावर उभा आहे. यानाला लाभल्या त्या काही तासांच्या भेटी. धूमकेतू मात्र महिनोन्‌महिने बदलत असतो. आज पेटतो, उद्या मंदावतो, परवा त्याची शेपटी तुटून नवी फुटते. यानाने मोजलेला फवारा नेहमीचा होता की त्या दिवसापुरता, हे सांगावयास आधीच्या आणि नंतरच्या रात्रींचे हिशेब लागतात. शिवाय घरात बसलेल्याला घराचे छप्पर बाहेरून दिसत नाही. धूमकेतूच्या धुळीत शिरलेल्या यानाला त्याची लक्षावधी किलोमीटर लांबीची शेपटी दिसत नाही. म्हणूनच ‘रोझेटा’ हे यान २०१४ पासून दोन वर्षे एका धूमकेतूच्या सोबतीने राहिले, तेव्हाही पृथ्वीवरील हौशी निरीक्षकांचे साह्य त्या मोहिमेला घ्यावेसे वाटले. ४ जुलै २००५ रोजी ‘डीप इम्पॅक्ट’ यानातून सोडलेला धातूचा गोळा टेम्पल-१ या धूमकेतूवर आदळला. त्या वेळी भारतात सकाळचे अकरा वाजून गेले होते. लखळखीत उन्हात कोणाला काय दिसणार? भारतीय निरीक्षकांच्या वाट्याला आधीच्या आणि नंतरच्या रात्री आल्या, आणि तुलनेसाठी त्याच लागतात.

हॅलेकडे परत वळायचे, तर यानांची गडबड संपल्यावर तो पृथ्वीच्या अधिक जवळ आला. ११ एप्रिलला तो सर्वांत निकट, सुमारे सव्वासहा कोटी किलोमीटरांवर होता. आदल्याच दिवशी गुढीपाडवा होता. परंतु तो तेव्हा फार दक्षिणेला उतरला होता. पुण्याच्या क्षितिजावर तो जास्तीत जास्त चोवीस-पंचवीस अंश चढे. लखनौमध्ये अवघा सोळा अंश. सोळा अंशांवर धूळ, धूर आणि शहराचे दिवे यांची गर्दी असते. इंदिरा नगरातून मध्यरात्री दक्षिणेकडे पाहणाऱ्याच्या वाट्याला यातले सगळेच येणार होते. एकच धूमकेतू कोणाला दिसावा आणि कोणाला हुलकावणी द्यावी, हे केवळ अक्षांशाने ठरले.

याच लखनौत आता शनीच्या आकाराची नक्षत्रशाळा आहे, आणि उपग्रहांशी संपर्क ठेवणारे ‘इस्रो’चे एक केंद्रही आहे. पुढे भारताच्या यानालाही धूमकेतूचा प्रसंग आला, पण उलट्या रीतीने. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान मंगळाभोवती फिरू लागले, आणि महिन्याच्या आतच, १९ ऑक्टोबरला, ‘सायडिंग स्प्रिंग’ हा धूमकेतू मंगळापासून सुमारे एक लाख चाळीस हजार किलोमीटरांवरून गेला. धुळीचा जोर असेल त्या वेळी यान मंगळाच्या आडोशाला राहावे, म्हणून त्याची कक्षा आधीच बदलण्यात आली. जोत्तोने ढाल सोबत नेली होती. मंगळयानाला एका ग्रहाचीच ढाल करता आली.

जयंत नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ या कथेत एक हौशी निरीक्षक धूमकेतू शोधतो आणि त्याच्या भेटीस यान पाठवावे लागते. कथेतील ही गोष्ट आता फारशी दूरची राहिलेली नाही. २०१९ मध्ये गेन्नादी बोरिसोव्ह या हौशी निरीक्षकाने स्वतः बनविलेल्या दुर्बिणीतून दुसऱ्या ताऱ्याकडून आलेला पहिला धूमकेतू शोधला. नवे धूमकेतू आता बहुधा स्वयंचलित दुर्बिणींनाच आधी सापडतात, हे खरे. त्यांच्या कक्षा पक्क्या करण्याच्या कामात मात्र हौशी मंडळींचा वाटा अजून आहे. युरोपच्या ‘कॉमेट इंटरसेप्टर’ या नियोजित यानाची योजना तर अशी, की पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरांवर जाऊन ते थांबेल, आणि योग्य धूमकेतू सापडला म्हणजे तेथून त्याच्या वाटेवर निघेल. त्याला कोणत्या धूमकेतूकडे जावयाचे, हे ते यान बांधणाऱ्यांनाही अद्याप ठाऊक नाही.