शब्दांची पेटी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



जपानी भाषा शिकणारी मुलेमुली आज आपल्याही घरांत दिसू लागली आहेत. त्यांच्यापुढचा पहिला डोंगर शब्दांचा. जपान सरकारच्या २०१० सालच्या सुधारित यादीत नित्योपयोगी कांजी चिन्हेच २,१३६ आहेत. शब्दसंख्या त्याहून कितीतरी मोठी. हा डोंगर चढण्यासाठी विद्यार्थी कार्डांचे गठ्ठे करतात : एका बाजूस जपानी शब्द, दुसऱ्या बाजूस अर्थ. या कार्डांविषयी काही विचार आपणांपुढे ठेवण्याचा आमचा मानस आहे.

विसरणे हा मनाचा धर्मच आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विस्मरणाची गती मोजली आणि १८८५ मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली. पाठ केलेले आरंभी झपाट्याने विसरते, पुढे सावकाश. आणि एकाच बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा दिवसांच्या अंतराने केलेली उजळणी अधिक फलदायी ठरते, असे त्यांना आढळले. १९७२ मध्ये सेबास्टियान लाइटनर यांनी खणांची पेटी सुचविली. आठवलेले कार्ड पुढच्या खणात जाऊन अधिक दिवसांनी भेटते. न आठवलेले पहिल्या खणात परतते. २००६ मध्ये आलेली ‘आंकी’ ही संगणक-प्रणाली उजळणीचा दिवस आपोआप ठरविते. ‘आंकी’ या जपानी शब्दाचा अर्थच पाठांतर. पाढे आणि परवचा म्हणत आलेल्या समाजाला हे तत्त्व परके वाटू नये.

परंतु कार्डाच्या पाठीमागे अर्थ कोणत्या भाषेत लिहावा? तयार गठ्ठे बहुधा इंग्रजी अर्थांचे असतात. तेथे मराठी मुलाजवळची शिदोरी उघडलीच जात नाही, असे आम्हांस वाटते.

जपानी वाक्यातही क्रियापद शेवटी येते : ‘मिझु ओ नोमु’, म्हणजे पाणी पितो. ‘ताबेते’ म्हणजे खाऊन, ‘मिरु’ म्हणजे पाहणे. म्हणून ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन पाहणे. ‘शिते ओकु’ म्हणजे करून ठेवणे, ‘मोत्ते कुरु’ म्हणजे घेऊन येणे. इंग्रजीतून हे प्रयोग समजावताना नियम सांगावे लागतात. मराठीत शब्दास शब्द पुरतो. जपानी माणसाचे काळीज ‘दोकीदोकी’ करते, आपले धडधडते. जपानी अक्षरांचा आ, का, सा, ता, ना हा क्रमदेखील बौद्ध धर्माबरोबर तेथे पोहोचलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून घडला आहे.

अर्थात मराठी प्रतिशब्द सर्वत्र नेमका बसेल, असे नाही. ‘मिझु’ म्हणजे थंड पाणी. गरम पाण्यास ‘यु’ हा वेगळाच शब्द आहे. आपण सदरा, विजार आणि टोपी सारेच घालतो. जपानी माणूस सदऱ्यास ‘किरु’, विजारीस ‘हाकु’ आणि टोपीस ‘काबुरु’ अशी निरनिराळी क्रियापदे योजतो. म्हणून कार्डावर सुटा शब्द न लिहिता लहानसे वाक्य लिहावे, शक्यतो स्वतःच्या हाताने. नवी कार्डे रोज थोडीच घ्यावीत, कारण प्रत्येक नवे कार्ड पुढील अनेक दिवसांची उजळणी मागते. नवे शब्द एखादे दिवशी राहिले तरी चालेल. उजळणी मात्र राहू नये.

पालकांना आमची एक विनंती आहे. नेमका मराठी शब्द विचारण्यासाठी मुले आपल्याकडे आली, तर थोडा वेळ काढावा. पावसाच्या ‘शितोशितो’साठी रिमझिम हा शब्द आजीनेच सुचवावा. परप्रांतात वाढणाऱ्या मुलांच्या मनातील मराठीलाही विस्मरणाचा तोच नियम लागू आहे; कोणी मागितला नाही तर घरचा शब्दही हळूहळू निसटतो. जपानीच्या निमित्ताने तो पुन्हापुन्हा मागितला जावा, एवढीच आमची इच्छा.