नामफलकावर न मावणारी माणसे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

एखाद्या संस्थेची ओळख करून द्यायची म्हटले की आपल्याकडे एक ठरलेला क्रम असतो. आधी अध्यक्ष, मग उपाध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार आणि शेवटी, वेळ उरलाच तर, ‘इतर कर्मचारीवर्ग’. आज मी तुम्हाला वास्तुरचनेचे काम करणाऱ्या एका संस्थेतल्या माणसांची ओळख करून देणार आहे. या संस्थेत शिरताना तो ठरलेला क्रम दाराबाहेरच ठेवावा लागतो. तिथला ‘इतर कर्मचारीवर्ग’ वजा केला तर इमारतच उभी राहत नाही.

संस्थेचे नाव मास डिझाइन ग्रुप. ‘मास’ या आद्याक्षरांचा मराठीत अर्थ सांगायचा तर ‘समाजाची सेवा करणाऱ्या वास्तुकलेचा नमुना’. अमेरिकेत बॉस्टन शहरात २००८ साली ती स्थापन झाली. तिचे दुसरे मोठे ठाणे आफ्रिकेतल्या रवांडा देशात, किगाली या राजधानीत आहे. संस्था नफ्यासाठी नाही. कामाचे शुल्क ती घेते, देणग्याही घेते. पण शिल्लक राहिलेला पैसा कोणा मालकाच्या खिशात जात नाही, तो पुढच्या कामाला लागतो. ज्यांना वास्तुरचनाकार परवडत नाही, त्यांच्यासाठीही उत्तम इमारत झाली पाहिजे, हा तिचा हट्ट.

पहिली ओळख मायकल मर्फी यांची. ते संस्थापकांपैकी एक. आमच्यासारख्यांना बरे वाटेल अशी गोष्ट म्हणजे हा माणूस मुळात इंग्रजी साहित्याचा विद्यार्थी. वडिलांना कर्करोग झाला, डॉक्टरांनी हातात अवघे तीन आठवडे दिले आणि मुलगा घरी परतला. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी या गावात त्यांचे शंभर वर्षांचे जुने घर होते. वडील सुटीच्या दिवशी त्याची डागडुजी करत असत. ती अर्धवट राहिलेली कामे मुलाने हाती घेतली आणि आजारी वडीलही हळूहळू त्याच्या जोडीला येऊन उभे राहू लागले. तीन आठवड्यांची मुदत कधीच मागे पडली. दीड वर्षाने घर पूर्ण झाले, तेव्हा आजार ओसरला होता. या घराच्या कामाने मला वाचवले, असे वडील मुलाला म्हणाले. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे श्रेय कमी करण्याचे कारण नाही. पण हात कामात गुंतले की माणसाची जगण्यावरची पकड घट्ट होते, एवढे तर आपणही पाहिलेले असते. मर्फी त्यानंतर हार्वर्ड विद्यापीठात वास्तुकला शिकायला गेले.

तिथे १ डिसेंबर २००६ रोजी, जागतिक एड्स दिनी, डॉ. पॉल फार्मर यांचे व्याख्यान झाले. हैती आणि रवांडामधल्या गरिबांसाठी दवाखाने उभारणारे हे नामवंत डॉक्टर. व्याख्यानानंतर मर्फींनी त्यांना विचारले, या कामात तुम्हाला कोणत्या वास्तुरचनाकारांची मदत होते? उत्तर आले, कोणाचीही नाही. इमारतीचा आराखडा डॉक्टरच कागदाच्या कपट्यावर काढत. घर बांधणारे जगात इतके असताना गरिबांच्या दवाखान्याकडे त्यांतला एकही वळला नव्हता. मर्फी, ॲलन रिक्स आणि त्यांचे काही सहाध्यायी वळले. ते तेव्हा विद्यार्थीच होते. त्यांच्या गाठीशी अनुभव नव्हता, सवड मात्र होती.

आता तुम्ही म्हणाल, दवाखान्याला छप्पर असले, चार भिंती असल्या की झाले. वास्तुरचनाकार कशाला? याचे उत्तर दक्षिण आफ्रिकेतल्या तुगेला फेरी या खेड्याने दिले होते. तिथल्या रुग्णालयात २००५-०६ मध्ये जवळजवळ कोणत्याही औषधाला दाद न देणारा क्षयरोग आढळला. अभ्यासात नोंदलेल्या ५३ रुग्णांपैकी ५२ दगावले. त्यांतल्या अनेकांना हा जंतू रुग्णालयातच लागला असावा, असे संशोधकांना दिसून आले. क्षयाचा जंतू हवेतून पसरतो. कोंदट खोलीत, बंद बोळात, बाकावर दाटीवाटीने बसलेल्या माणसांमध्ये एक जण खोकतो आणि तीच हवा सगळे तासन् तास घेत राहतात. हात मोडला म्हणून आलेला माणूस छातीचे दुखणे घेऊन घरी जातो. म्हणजे इथे खिडकी हेही औषध असते आणि चुकीचा बोळ हाही रोग असतो.

म्हणून या संस्थेच्या कर्मचाऱ्यांत नकाशे काढणाऱ्यांच्या बरोबरीने अभ्यास करणारी माणसेही आहेत. रोगी कोठून येतो, कोठे थांबतो, परिचारिका दिवसभरात किती वेळा कोणत्या दारातून जाते, वारा कोणत्या दिशेने वाहतो, हे ती पाहतात. त्यांनी रवांडाच्या उत्तरेला बुरेरा जिल्ह्यात बुटारो येथे रुग्णालय रचले, तेव्हा बंद बोळच काढून टाकले. रुग्णांची ये-जा आणि वाट पाहण्याची जागा मोकळ्या ओसरीत आणली. छताजवळ उंच खिडक्या ठेवल्या, मोठे पंखे लावले, वरच्या थरातली हवा जंतुरहित करणारे अतिनील किरणांचे दिवे बसवले. खाटांची डोकी खोलीच्या मधोमध बांधलेल्या बुटक्या भिंतीकडे केली आणि रोग्याचे तोंड खिडकीकडे. आजाऱ्याला समोर दुसऱ्या आजाऱ्याऐवजी डोंगर दिसतो. हा निर्णय घेणाऱ्यालाही मी डॉक्टरांच्याच पंक्तीला बसवीन.

सव्वातीन लाखांहून अधिक वस्तीच्या या जिल्ह्यात तोवर धड रुग्णालय नव्हते. बुटारोचे रुग्णालय जानेवारी २०११ मध्ये सुरू झाले, तेव्हा ते सुमारे १४० खाटांचे होते. पण ते कसे उभे राहिले, ते सांगायचे तर ब्रूस निझेये यांना भेटले पाहिजे. हे रवांडाचे अभियंते, डॉ. फार्मर यांच्या संस्थेत काम करणारे. पगारपत्रक निराळे असेल, पण बुटारोच्या कामात मासच्या तरुणांचे खरे गुरू तेच. डोंगर सपाट करण्यासाठी यंत्रे आणावीत, असा साधा हिशेब होता. निझेये यांनी सुचवले, माणसे आणू. शेकडो माणसे कुदळ-फावडी घेऊन आली आणि काम लवकर झाले, खर्चही कमी झाला. यंत्राच्या भाड्यात जाणारा पैसा जिल्ह्यातल्या घरांत गेला. रवांडात याला ‘उबुदेहे’ अशी जुनी प्रथा आहे. सगळ्यांनी मिळून सगळ्यांचे काम उरकायचे. आपल्या खेड्यांतला इर्जिक आठवणाऱ्या श्रोत्यांना हे नव्याने समजावून सांगायला नको.

निझेये यांचा दुसरा आग्रह याहून मोठा होता. १९९४ साली रवांडात सुमारे शंभर दिवसांत अंदाजे आठ लाख माणसे मारली गेली. शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारले. त्याला जेमतेम पंधरा वर्षे झाली होती. अशा भूमीवर मजूर घेताना सगळ्या पार्श्वभूमीचे घ्यायचे आणि त्यांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, असे त्यांनी ठरवले. ज्या गावाने दंगल पाहिली आहे, त्या गावाला याचा अर्थ पटकन कळेल. शांतता समितीच्या बैठकीत माणसे एकमेकांकडे पाहत नाहीत. पण दगड दोघांनी मिळून उचलायचा असेल, तर एकमेकांकडे पाहावेच लागते. एकाने हात सोडला तर दुसऱ्याच्या पायावर पडतो.

आणि हा दगड तरी कसला? विरुंगा पर्वतरांगेतल्या ज्वालामुखींनी ओकलेला, काळसर करडा, सच्छिद्र. शेतकऱ्याच्या नांगराला आड येणारा. फार तर पायात किंवा कुंपणाच्या गडग्यात घालायचा, अशी त्याची पायरी ठरलेली. आपले सह्याद्रीचे काळे कातळही ज्वालामुखीचेच लेकरू, म्हणून मला या दगडाविषयी विशेष जवळीक वाटते. बुटारोच्या गवंड्यांनी तो हाताने घडवला, कडेला कड भिडवली आणि दरजा दिसणार नाहीत अशा भिंती रचल्या. शेतातली अडचण होती, ती जिल्ह्याची शोभा झाली. या गवंड्यांत ज्या बाया होत्या, त्यांच्यापैकी कितीतरींनी हे काम तिथेच शिकून घेतले. शिकताना मजुरीही मिळत होती. या एका रुग्णालयाच्या बांधकामाने साडेतीन-चार हजार लोकांना काम दिले.

आणखी एका माणसाची ओळख राहिली. ख्रिस्तियन बेनिमाना. यांना लहानपणापासून वास्तुरचनाकार व्हायचे होते, पण देशात ती विद्या शिकवणारी शाळाच नव्हती. शिष्यवृत्ती घेऊन ते चीनमध्ये शांघायला गेले, आधी चिनी भाषा शिकले आणि मग त्या भाषेत वास्तुकला शिकले. परत आल्यावर ते मासमध्ये दाखल झाले आणि पुढे किगालीच्या कार्यालयाची धुरा त्यांनी सांभाळली. रवांडात वास्तुकलेचे पहिले शिक्षण २००९ मध्ये किगालीत सुरू झाले. बेनिमानांनी पुढे आफ्रिकेतल्या तरुण रचनाकारांना प्रत्यक्ष कामावर घडवणारे केंद्रही उभारले. तिथल्या तरुणांनी रुहेहे गावची प्राथमिक शाळा रचली, ती २०१८ मध्ये पूर्ण झाली. ज्याला शिकायला देश सोडावा लागला, त्याने पुढच्यांसाठी घरातच वाट करून दिली.

संस्था वाढत गेली, तशी तिची हजेरीही वाढली. दोनशेहून अधिक माणसे झाली. रचनाकार आणि अभियंते तर आहेतच. शिवाय सुतारकाम करणारे, बागांची आखणी करणारे, चित्रपट बनवणारे आणि लेखकसुद्धा. वास्तुरचनेच्या कचेरीत लेखकाला पगार मिळतो, हे ऐकून मला थोडा हेवा वाटला. पण त्याची गरज समजते. अमेरिकेत माँटगोमेरी शहरात २०१८ साली एक स्मारक झाले. जमावाने ठार मारलेल्या हजारो कृष्णवर्णीयांचे ते स्मारक. इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह या संस्थेच्या त्या कामात रचनेची साथ मासची होती. आठशेहून अधिक पोलादी स्तंभ, प्रत्येक परगण्याचा एक, आणि त्यांवर कोरलेली माणसांची नावे. चालत पुढे जावे तशी जमीन खाली उतरते आणि स्तंभ डोक्यावर टांगलेले दिसू लागतात. तिथे बांधकामाचे साहित्य जितके पोलाद, तितकीच नावे.

या सगळ्या कौतुकात एक शंका विचारली पाहिजे. मासला २०२२ मध्ये अमेरिकेच्या वास्तुरचनाकार संघटनेचा वर्षातल्या सर्वोत्तम संस्थेचा पुरस्कार मिळाला. व्यासपीठावर नाव पुकारले जाते ते संस्थेचे. बुटारोच्या घाटात दगड फोडणाऱ्या बाईचे काय? इमारत संपली की मजुरी संपते. चार हजारांतल्या प्रत्येकाला पुढे काम मिळाले असेल, असे कोणी म्हणू शकणार नाही. देणगीवर चाललेल्या कामाला देणगीदाराच्या मर्जीची धास्तीही असतेच.

तरी एक फरक आहे आणि तो मला मोलाचा वाटतो. मजुरी खर्च होते, हातातली कला उरते. रुग्णालयाला लागून २०१२ मध्ये डॉक्टरांसाठी घरे बांधली. एवढ्या आडवळणाच्या डोंगरात डॉक्टर टिकायचा तर त्याला राहायला चांगले घर हवे. त्याच वर्षी तिथे कर्करोगाचे उपचार केंद्रही सुरू झाले. एका इमारतीवर शिकलेला हात दुसऱ्या इमारतीला उपयोगी पडतो आणि परक्या तज्ज्ञाची गरज थोडी कमी होते. बाहेरून येणाऱ्या संस्थेचे यश यातच मोजावे. ती निघून गेली तर मागे कोण उभे राहते? डॉ. फार्मर यांचे निधन २१ फेब्रुवारी २०२२ रोजी झाले, तेही बुटारोतच. ते गेले आणि रुग्णालयाचे काम चालू राहिले.

आपल्याकडे नवी इमारत झाली की दर्शनी भागात संगमरवरी कोनशिला बसते. उद्घाटक, प्रमुख पाहुणे, ठेकेदार, सगळे तिच्यावर असतात. ज्याने ती शिला ओळंब्यात धरून बसवली, त्याचेच नाव तेवढे तिच्यावर नसते. ‘इमारत’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. ज्या धातूपासून तो झाला, त्याच धातूपासून ‘उमर’ म्हणजे आयुष्य हा शब्दही झाला. भाषेला पहिल्यापासून ठाऊक असावे की इमारतीत कोणाचे तरी आयुष्य घातलेले असते. तेव्हा उद्या एखाद्या दवाखान्यात, शाळेत, पोस्टात गेलात तर भिंतीला क्षणभर हात लावून बघा आणि ही रचणारे हात कोणाचे, एवढे तिथल्या कोणाला तरी विचारा. उत्तर मिळणार नाही कदाचित. पण प्रश्न विचारला गेला, तर पुढच्या कोनशिलेवर एखादी ओळ वाढण्याची शक्यता आहे.