आपल्या शिवाराची रोजनिशी : मोबाइलवर व्हिडिओ कसे सुरू करावेत



आजचा विषय खताचा नाही की बियाण्याचा नाही, पण आहे आपल्या बांधावरचाच. हल्ली गावोगावची तरुण पोरं, आणि काही ठिकाणी तर वडीलधारी मंडळीही एक प्रश्न विचारतात. ‘आम्हालाही आपल्या शेताचे, घराचे व्हिडिओ करून लोकांना दाखवावेसे वाटते. पण दाखवायचे काय? सकाळी धार, मग दारे धरायचे, दुपारी खुरपणी, संध्याकाळी वैरण. यात बघण्यासारखे आहे काय?’

अशा रोजच्या व्हिडिओला ‘व्लॉग’ म्हणतात. नाव परके असले तरी वस्तू ओळखीची आहे. आपण वहीत रोजनिशी लिहितो, तीच इथे चित्रात आणि आवाजात ठेवायची. ती कशी सुरू करावी, हे आज पाहू.

साधे म्हणजे कमी नव्हे

यूट्यूबवर सगळ्यात पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ रोजी चढवला गेला. तो अवघ्या १९ सेकंदांचा आहे. जावेद करीम नावाचा तरुण अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभा राहतो आणि यांची सोंड लांब असते, एवढेच सांगतो. सुरुवात झाली ती इतक्या साध्या गोष्टीने.

आपल्या शेजारचे उदाहरण घ्या. तेलंगणात जगित्याल जिल्ह्यातल्या लंबाडिपल्ली गावी २०१२ साली ‘माय व्हिलेज शो’ सुरू झाला. त्यातून पुढे आलेल्या गंगव्वा या शेतमजुरी करणाऱ्या बाई. गावची बोली, गावचे वागणे आणि गावची थट्टा एवढ्या भांडवलावर त्या घरोघरी पोचल्या. आपल्याकडे अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, सारोळा कासारच्या सुमन धामणे यांनी २०२० साली नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ हे चॅनेल चालू केले. दाखवले काय, तर घरचा स्वयंपाक!

बघा, जे आपल्याला रोजचे असते ते दुसऱ्याला नवे असते. पाभरीच्या चाड्यावर मूठ धरून बी सोडणारी बाई आपण लहानपणापासून पाहिली. मुंबईत वाढलेल्या मुलाने ती पाहिलेली नाही. आता ट्रॅक्टरच्या पेरणीमुळे आपल्या स्वतःच्या नातवानेही पाहिलेली नसेल. लातूर-धाराशिवकडची वेळ अमावास्या, त्या दिवशीची आंबील आणि भज्जी कोकणातल्या माणसाला ठाऊक नसते. कोकणातली भाताची लावणी मराठवाड्याला नवी वाटते.

यात आणखी एक कळीची गोष्ट आहे. दाणा दाताखाली धरून ज्वारी वाळली की नाही ते सांगणारे, बैलाच्या चालीवरून त्याचे दुखणे ओळखणारे म्हातारे अजून गावात आहेत. ही विद्या पुस्तकात फारशी उतरलेली नाही. माणूस गेला की विद्या त्याच्याबरोबर जाते. तुमचा व्हिडिओ दहाच जणांनी पाहिला, तरी घरच्या पुढच्या पिढीसाठी तो ठेवा आहे.

विषय कुठून आणावा

विषय शोधायला लांब जाऊ नये. एक पीक धरावे आणि त्याचा हंगाम सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवावा. समजा, तुमचा रब्बीचा उन्हाळी कांदा आहे. मग हे भाग आपोआप ठरतात :

१. ऑक्टोबर-नोव्हेंबर : गादीवाफा कसा केला, बी किती आणि कसे टाकले.
२. रोप सात-आठ आठवड्यांचे झाले : उपटताना कोणते घेतले, कोणते टाकले.
३. डिसेंबरच्या सुमारास पुनर्लागण : दोन ओळींत १५ सेंटिमीटर, दोन रोपांत १० सेंटिमीटर. पट्टी जमिनीवर ठेवूनच दाखवावे.
४. पाण्याच्या पाळ्या : रात्रीच्या विजेवर दारे धरणे कसे असते तेही दाखवा.
५. खुरपणी : बायका काय बोलतात, कोणते तण कशाने निघते.
६. माना पडू लागल्या : निम्म्या पाती आडव्या झाल्या की काढणी धरतात, ती खूण जवळून दाखवा.
७. काढणी, शेतात पातीसकट सुकवणे, मग मान थोडी राखून पात कापणे.
८. चाळीत भरणे, आणि दोन-तीन महिन्यांनी चाळ उघडल्यावर काय निघाले ते.
९. बाजार : गाडीभाडे, हमाली, तोलाई, पट्टी. हातात काय उरले याचा हिशेब.

असे नऊ भाग आणि वर्ष भरले. शेवटचा भाग टाळू नये. भाव पडला तर तसे सांगा, अवकाळीने कांदा सडला तर सडलेला दाखवा. नुसते हिरवेगार शेत सगळेच दाखवतात. खऱ्या हिशेबावर माणूस विश्वास ठेवतो, आणि नवीन लागण करणाऱ्या शेतकऱ्याला तोच हिशेब उपयोगी पडतो.

साधने

आधी कॅमेरा विकत घ्यायला धावू नये. घरात आहे तो मोबाइल पुरे. पैसे खर्च करायचेच तर कॉलरला लावायचा साधा माइक घ्यावा. चित्र थोडे अंधूक असले तर लोक बघतात, पण आवाज कळला नाही तर पुढे जातात.

फोन ठेवायला तिकाटणे नसेल तर खोऱ्याच्या दांड्याला सुतळीने घट्ट बांधावा, नाहीतर बांधावरच्या दगडाला टेकवावा. मात्र विहिरीच्या काठावर, चालू मोटारीपाशी किंवा मळणी यंत्राजवळ फोन सांभाळत उभे राहू नये. हात गेला तर व्हिडिओ काय कामाचा?

चित्रण कसे करावे

फोनच्या भिंगावर धूळ आणि घाम बसतो. सुरुवातीला सुती फडक्याने ते पुसून घ्यावे. फोन विमान-मोडवर टाकावा, नाहीतर ऐन वेळी कोणाचा तरी फोन येतो. मोठा व्हिडिओ करायचा तर फोन आडवा धरावा, एक मिनिटाच्या आतला छोटा असेल तर उभा.

सूर्य आपल्या पाठीशी असावा, म्हणजे समोरच्याचे तोंड काळे दिसत नाही. सकाळी नऊच्या आत आणि दुपारी चारनंतरचा उजेड चांगला. वारा असेल तर वाऱ्याकडे पाठ करून बोलावे.

फोन इकडून तिकडे फिरवत राहू नये. एका जागी स्थिर धरून मनात दहा आकडे मोजावेत, मग थांबवावा. प्रत्येक कामाची पाच चित्रे घ्यावीत : लांबून सगळे शेत, थोडे जवळून काम करणारा माणूस, अगदी जवळून त्याचे हात, मग त्याचा चेहरा, आणि शेवटी झालेले काम. ही पाच चित्रे ओळीने जोडली की गोष्ट तयार होते. जोडायला आणि नको ते कापायला मोबाइलमधली साधी सोय पुरते.

चांगल्या चित्रणाला मिनिटाला साधारण १०० ते १५० एम.बी. जागा लागते. म्हणून काम झाले की नको ते पुसून टाकावे.

बोलावे कसे

भाषण करू नये. पाहुणा शेतात आला तर त्याला जसे सांगाल, तसे सांगावे. पुस्तकी भाषेची गरज नाही, आपली अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी चालू द्यावी. पहिल्या दहा सेकंदांत आज काय दिसणार ते सांगून टाकावे. ‘नमस्कार, मी अमुक गावचा, आज कांद्याचे रोप कसे निवडायचे ते बघू’, एवढे बास.

मथळा लोक जसे विचारतात तसा द्यावा. ‘माझा दिवस’ असे लिहिण्यापेक्षा ‘कांद्याचे रोप लागणीला कधी तयार होते’ असे लिहावे. त्यात पीक, महिना आणि तालुका घालावा. मागे सिनेमाचे गाणे लावू नये. ते दुसऱ्याच्या मालकीचे असते आणि त्यावरून व्हिडिओ अडतो. मोटेच्या जागी मोटार आली, तरी शेताला आवाज आहेच : पाखरे, पाटाचे पाणी, बैलांची घुंगरे. तो ऐकू द्यावा.

काही पथ्ये

एक : ज्याचे चित्रण करायचे त्याला आधी विचारावे. आपल्या रानात मजुरीला आलेल्या बायकांना तर नक्कीच विचारावे. मजुरी दिली म्हणजे त्यांचा चेहरा विकत घेतला असे होत नाही. लहान मुलांच्या बाबतीत दुप्पट जपावे.

दोन : औषधाची मात्रा ऐकीव सांगू नये. डब्यावरच्या पत्रकात त्या पिकाचे नाव आणि मात्रा असेल तेवढेच सांगावे, बाकी सहायक कृषी अधिकाऱ्याला किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारावे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विसरू नये. फवारणी दाखवायचीच तर हातमोजे, तोंडाला मास्क, अंगभर कपडे घालूनच. बघणारा ऐकतो कमी आणि पाहिलेले करतो जास्त.

तीन : एखाद्या कंपनीने पैसे दिले किंवा माल फुकट दिला असेल, तर तसे व्हिडिओतच उघड सांगावे. कायद्याने ते बंधनकारक आहे. आणि कायदा नसता तरी, शेजाऱ्याला खोटे बियाणे गळ्यात मारल्यावर गावात तोंड कसे दाखवणार?

चार : जास्त लोकांनी बघावे म्हणून साप हातात धरणे, ट्रॅक्टर उभा करणे, पुरात उतरणे, असले प्रकार करू नयेत.

पाच : खात्याला मजबूत परवलीचा शब्द आणि दुहेरी खातरजमा लावावी. ‘जाहिरात देतो, ही लिंक उघडा’ असे पत्र आले तर उघडू नये. फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नये. ‘आपली आजी’ हे चॅनेलही ऑक्टोबर २०२० मध्ये परक्याने ताब्यात घेतले होते. काही दिवसांनी ते परत मिळाले, पण प्रत्येकाला मिळेलच असे नाही.

पैशाचे काय?

हा प्रश्न मनात असणारच, म्हणून सरळ सांगतो. जाहिरातीचा वाटा मिळायला यूट्यूबची अट साधारण अशी आहे : १,००० वर्गणीदार आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहणी. छोट्या व्हिडिओंची अट वेगळी आहे, आणि अटी बदलतात, म्हणून त्या वेळी पाहून घ्याव्यात. ४,००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटे. एक माणूस सरासरी चार मिनिटे बघतो असे धरले, तर ६० हजार वेळा बघितले जायला हवे. एका महिन्यात हे होत नाही. म्हणून शेती सोडून यामागे लागू नये, आणि यासाठी कर्ज तर मुळीच काढू नये.

पण दुसरी कमाई लवकर दिसू शकते. गूळ, हुरडा, हापूस, हातसडीचा तांदूळ असे काही तुम्ही विकत असाल, तर गिऱ्हाईक तो कसा तयार होतो ते डोळ्यांनी पाहते. आणि व्हिडिओखाली दुसऱ्या जिल्ह्यातला शेतकरी जे लिहितो, त्यातून आपल्यालाही शिकायला मिळते. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळे चालवली. गावकरी एकत्र बसून ऐकत, चर्चा करत आणि आपल्या शंका केंद्राला कळवत. ज्ञान वरून खाली येते तसे खालून वरही जाते, हे त्या मंडळांनी दाखवले. आज तेच काम तुमच्या हातातल्या फोनने होऊ शकते.

या आठवड्यात एवढे करा

आज रात्री वहीत उद्याची सगळी कामे क्रमाने लिहा. त्यातले नातवाला किंवा शहरातल्या भाच्याला ठाऊक नसेल असे एक काम निवडा. उद्या सकाळी त्याची पाच चित्रे घ्या, दोन-तीन मिनिटांत बसवा आणि आधी घरच्यांना दाखवा. त्यांना कळले तर चढवा, नाही कळले तर परत करा. असा आठवड्याला एक, सलग दहा आठवडे. तोवर किती जणांनी बघितले ते मोजू नका. पेरल्यावर रोज माती उकरून कोंब बघत बसले तर पीक येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावे!

शंका असतील तर जरूर पत्राने कळवा.