विक्रीखतातील नावे



१९ जून १८३८ रोजी अमेरिकेतील मेरीलँडच्या जेझुइट धर्मसंघाचे प्रांतप्रमुख थॉमस मलेडी यांनी एका करारावर सही केली. त्यान्वये २७२ स्त्री-पुरुष व मुले लुइझियानातील दोन मळेवाल्यांना १,१५,००० डॉलरला विकण्यात आली. त्यातील काही रक्कम जॉर्जटाउन महाविद्यालयाचे कर्ज फेडण्यात गेली.

या दस्तऐवजाची भाषा जमीनजुमल्याच्या व्यवहाराची आहे. माणसांची नावे, वये, नाती. २५,००० डॉलर प्रारंभी, उरलेले हप्त्याहप्त्याने. यादीतील पहिले नाव आयझॅकचे, वय ६५ वर्षे. कुटुंबे तोडू नयेत, आलेला पैसा कर्जफेडीस वापरू नये, अशा रोमच्या अटी होत्या. दोन्ही मोडल्या.

गुलामगिरी म्हणजे काही मोजक्या क्रूर मालकांची विकृती, असे सांगणाऱ्यांना हा कागद उघडे पाडतो. विकणारे धर्मगुरू होते, घेणाऱ्यांपैकी हेन्री जॉन्सन माजी गव्हर्नर होता आणि व्यवहार संपूर्णपणे कायदेशीर होता. त्या समाजाची मालमत्तेची व्यवस्थाच माणसाच्या विक्रीवर उभी होती.

परंतु खरेदीदाराच्या सोयीसाठी केलेली तीच यादी पुढे वंशजांच्या हाती पुरावा बनली. विद्यार्थ्यांच्या आंदोलनामुळे २०१५ साली विद्यापीठाच्या एका इमारतीवरून मलेडींचे नाव उतरले. २०१७ साली विद्यापीठाने जाहीर क्षमा मागितली आणि त्याच इमारतीस आयझॅक हॉकिन्सचे नाव दिले. ज्यांची नोंद माल म्हणून झाली, त्यांच्या वारसांनी त्या नोंदीतूनच आपले पूर्वज शोधून काढले आणि हिशेब मागितला. इतिहासाच्या कागदांचा जनतेला हाच उपयोग आहे.