शिकारीचा परवाना आणि परप्रांतीय शिकारी



खडकीचें नांव घेतलें कीं पुणेकरांच्या मनांत प्रथम ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई उभी राहते, आणि तिच्या मागोमाग दारूगोळ्याचा कारखाना. हा कारखाना १८६९ सालचा. त्याच्या काडतुसांच्या बुडाशीं 'के. एफ.' अशीं अक्षरें उमटवीत. त्यांतील 'के' म्हणजे इंग्रजांनीं आपल्या खडकीचें केलेलें 'किर्की'. शिकारी लोकांच्या बारा बोअरच्या बंदुकीचीं काडतुसेंहि येथें तयार होत आलीं आहेत. काडतूस कोठें बनलें हें त्याच्यावर लिहिलेलें असतें. परंतु तें ज्या जनावरावर झाडलें जातें तें जनावर कोणाचें, हें कोठेंच लिहिलेलें नसतें. ज्या प्रांतांत तें चरतें त्या प्रांताचें, कीं साऱ्या देशाचें? आणि बाहेरून आलेल्या शिकाऱ्याकडून तेथल्या सरकारनें अधिक फी घ्यावी काय? हा प्रश्न दिसतो त्याहून मोठा आहे.

शिकारीस परवाना लागावा ही कल्पना आपल्याकडे इंग्रजी अंमलांत रुजली. नीलगिरीवरील शिकारीसाठीं मद्रास सरकारनें १८७९ सालींच स्वतंत्र कायदा केला. १८७८ च्या व पुढें १९२७ च्या जंगल कायद्यानें राखीव जंगलांत नियमांविरुद्ध शिकार करणें हा गुन्हा ठरला, आणि १९१२ च्या कायद्यानें पशुपक्ष्यांसाठीं बंदीचा हंगाम ठरविण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस मिळाला. खडकीच्या छावणींतील एखाद्या साहेबास रजेंत वाघ मारावयाचा असला, तर त्याची नजर चांद्याकडे किंवा मेळघाटाकडे जाई. पण तो मुलूख मध्यप्रांत-वऱ्हाडचा. तेथील राखीव जंगलांचे शिकारीसाठीं गट पाडलेले असत. एखाद्या गटासाठीं अगोदर अर्ज करावयाचा, ठराविक मुदतीची परवानगी मिळवावयाची, फी भरावयाची, आणि नेमून दिलेल्या संख्येहून अधिक जनावरें मारावयाचीं नाहींत, अशी ती रीत होती. मुंबई इलाख्यांतील हा माणूस तेथें परप्रांतीयच.

पुढें १ नोव्हेंबर १९५६ उजाडला; विदर्भ मुंबई राज्यांत आला, आणि पुण्याच्या शिकाऱ्याचा चांद्यांतील परकेपणा एका रात्रींत संपला. जंगल तेंच, वाघ तोच, बंदूक तीच. नकाशावरची रेघ तेवढी हालली. फीच्या पायाशीं असलेली 'आपला' आणि 'परका' ही भाषा किती कच्च्या मातीची आहे, हें दाखविण्यास याहून दुसरें उदाहरण नको.

तरीहि ती भाषा अगदींच निराधार आहे असें मी म्हणणार नाहीं. १९५० च्या राज्यघटनेनें वन्य पशुपक्ष्यांचें रक्षण प्रथम राज्यांकडेच दिलें होतें, आणि त्या अधिकारानें मुंबई राज्यानें १९५१ सालीं आपला निराळा कायदाहि केला. ज्यानें राखावें त्यानें फी ठरवावी, हें ओघानेंच आलें. अमेरिकेंत हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मोंटाना संस्थानांत १९७६ सालीं एल्क नांवाच्या मोठ्या हरिणाच्या शिकारीस तेथील रहिवाशाला ९ डॉलर पुरत. बाहेरच्याला मात्र इतर जनावरांसह एकत्र परवाना घेणें भाग असे, आणि त्यास २२५ डॉलर पडत. बाहेरच्यांनीं दावा लावला. १९७८ सालीं न्यायालयानें बहुमतानें निकाल दिला तो मोंटानाच्या बाजूनें. एल्कची शिकार ही करमणूक आहे, उपजीविका नव्हे. तेव्हां त्या बाबतींत दोघांस सारखेंच वागविलें पाहिजे असें बंधन नाहीं, हा त्या निकालाचा गाभा. जनावरें पोसण्याचा भार रहिवासी आपल्या करांतून वर्षभर सोशीत असतात, मग पाहुण्यानें थोडें अधिक दिलें तर बिघडलें कोठें, असें मोंटानाचें म्हणणें होतें. शिवाय तेथें १९३७ च्या एका कायद्याप्रमाणें बंदुका व काडतुसें यांवरील कराचा पैसा वन्य प्राण्यांच्या जोपासनेसाठींच राज्यांना वांटून दिला जातो. म्हणजे बार उडविणाऱ्याचा पैसा फिरून रानांतच जातो. हा हिशेब मला पटतो.

आपल्याकडे मात्र या तराजूचें एक पारडें मुळांतच रिकामें होतें. करमणूक आणि उपजीविका हा भेद मोंटानाच्या निकालांत कळीचा ठरला. येथें तो कोणीं पाहिलाच नाहीं. फांसे लावून तित्तर, लावे, हरिणें धरून त्यांवर पोट भरणारा फांसेपारधी हा खरा पिढीजात शिकारी. त्याची शिकार म्हणजे त्याची भाकरी. पण परवाना घेऊन बंदुकीनें मारणारा साहेब 'शिकारशौकीन' ठरला, आणि फांसे घेऊन हिंडणारा पारधी गुन्हेगार जमातींच्या कायद्याखालीं पोलिसांच्या हजेरींत अडकला. तो कायदा १९५२ सालीं गेला, शिक्का मात्र अजून पुरता पुसलेला नाहीं. रानाकांठच्या गोंड-कोरकूंची गोष्ट थोडी वेगळी. साहेबासाठीं हांका करावा, मचाण बांधावें, माग काढावा, आणि दिवसाची मजुरी घ्यावी, एवढाच त्यांचा शिकारींतील वांटा. बाहेरच्या शिकाऱ्यानें भरलेली फी सरकारी तिजोरींत जाई. ज्याची गाय वाघानें नेली त्याच्या गोठ्यापर्यंत तिची वाट सहसा पोहोंचत नसे.

फी वाढवून जनावरें वांचतात, हाहि असाच एक भाबडा समज. स्वातंत्र्यानंतर परदेशी धनिकांना वाघाची शिकार घडवून आणणाऱ्या कंपन्या आपल्याकडे निघाल्या. त्या गिऱ्हाइकांना फीची काय क्षिति! जनावर जितकें दुर्मिळ तितकी त्याच्या कातड्याची हौस अधिक. वाढती फी अशा हौसेला आळा घालीत नाहीं, उलट तिला प्रतिष्ठा देते. चढत्या फीनें गळतो तो गांवचा साधा बंदूकवाला. अखेर १९७० सालीं वाघाच्या शिकारीवर बंदी घालावी लागली, तेव्हां परकी चलन बुडेल अशी ओरड या धंद्यांतून झालीच. १९७२ च्या गणतींत देशांत अवघे १८२७ वाघ मोजले गेले. त्याच वर्षींच्या वन्यजीव कायद्यांत मोठ्या व लहान शिकारीचे निरनिराळे परवाने अजून शिल्लक होते. १९९१ च्या दुरुस्तीनें तेहि गेले, आणि हौसेची शिकार आपल्या देशांत कायद्यानें संपली. आज परवानगी मिळते ती माणसाच्या जिवावर किंवा पिकावर उठलेल्या जनावरापुरती.

शिकार संपली, परंतु फी संपली नाहीं. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. आज पुण्याचीं कुटुंबें तेथें कॅमेरा घेऊन जातात आणि प्रवेशशुल्क भरतात. शनिवार-रविवारीं तें अधिक पडतें. 'एवढे पैसे कशाचे?' असा प्रश्न फाटकावर पुष्कळदां ऐकूं येतो. प्रश्न योग्य आहे, फक्त तो अर्धाच विचारला जातो. २००६ च्या दुरुस्तीप्रमाणें व्याघ्रप्रकल्पांसाठीं प्रतिष्ठानें स्थापावयाचीं आहेत, आणि पर्यटनांतून येणारें उत्पन्न रक्षणाच्या व भोंवतालच्या लोकांच्या कामीं लावावें, हा त्यांचा एक हेतु आहे. तेव्हां पाहुण्यानें फीच्या आंकड्यावर घासाघीस करण्यापेक्षां त्या पैशांतून बफर क्षेत्रांतील गांवांना काय मिळालें, हें विचारावें. चंद्रपूर जिल्ह्यांत मोहफुलें वेंचण्यास किंवा सरपणासाठीं रानांत गेलेलीं माणसें वाघाच्या हल्ल्यांत मरतात; असें जवळजवळ दरवर्षीं घडतें. वाघ पाहण्याचें सुख पुण्यामुंबईकडे येतें आणि वाघासंगें राहण्याचें भय त्या गांवांत उरतें. पाहुण्यानें जास्त द्यावें, याचें कारण तो परका आहे हें नव्हे. जनावर राखण्याची किंमत त्याच्याऐवजीं दुसरा कोणी तरी रोज भरीत आहे, हें आहे. मोहाच्या हंगामांत ताडोबास जाणाऱ्यांनीं ती किंमत भरणाऱ्या एखाद्या गांवांत घटकाभर थांबून तेथल्या माणसांशीं अवश्य बोलावें.