नव्या मोबाइलशी ओळख



पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्याला यंत्राचे नवल आता राहिलेले नाही. १९५५ साली पिंपरीच्या सरकारी कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुढे आकुर्डीला स्कूटरी आल्या, पिंपरीला मालमोटारी आल्या, आणि अलीकडे चाकणच्या कांद्याबटाट्याच्या शिवाराला लागून मोटारींचे कारखाने उभे राहिले. घरचा एखादा तरी मुलगा यंत्रावर काम करीत नाही, असे घर इकडे विरळाच.

कारखान्यात नवे यंत्र आले म्हणजे काय करतात, ते या मुलांना विचारा. पहिल्याच दिवशी कोणी यंत्र शिकाऊ माणसाच्या हाती सोपवून निघून जात नाही. जाणता माणूस शेजारी उभा राहतो. चालू करण्याचे बटण दाखवण्याआधी तो थांबवण्याचे लाल बटण दाखवतो. मग काम स्वतः करून दाखवतो, आणि मग शिकणाऱ्याकडून करवून घेतो.

आता घरी काय होते ते पाहा. दिवाळीला बोनस मिळाला म्हणजे तोच मुलगा वडिलांसाठी नवा स्मार्टफोन आणतो. खोके उघडतो, सिमकार्ड घालतो, दहा मिनिटांत सगळी मांडणी करून देतो आणि दुसऱ्या पाळीला निघून जातो. आबा फोन उलटासुलटा करून बघतात. जुन्या फोनची बटणे बोटांना पाठ होती, इथे नुसती काच. बोट जरा लागले की भलतेच काहीतरी उघडते. संध्याकाळी आबा विचारतात, "बाळा, हे कसं करायचं रे?" आणि उत्तर येते, "द्या इकडं, मी करतो."

मंडळी, "द्या इकडं, मी करतो" हे वाक्य प्रेमाचे आहे, यात शंका नाही. काम चटकन होते. पण त्या वाक्याने माणूस शिकत नाही. शंभर वेळा विचारले तरी शंभरदा परावलंबीच राहतो. आणि आता त्याची किंमत मोठी आहे.

कशी, ते सांगतो. पूर्वी पिकाची पाहणी तलाठी करीत आणि सात-बारावर नोंद होई. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचा फोटो मोबाइलवरून काढायचा आणि नोंद करायची. म्हणजे सात-बारावर पीक लिहिणारी लेखणी आता आपल्या हाती आली आहे. ती लेखणी ज्याला धरता येत नाही, त्याची नोंद दुसराच कोणी करणार. कांद्याच्या जागी सोयाबीन लागले, किंवा नोंदच राहिली, तर अडचण शेतकऱ्याची. नुकसानभरपाईच्या वेळी तीच नोंद आधी पाहतात.

पैशांचेही तसेच. २०१६ साली यूपीआय सुरू झाले आणि आज भाजीवालीच्या पाटीशेजारीही चौकोनी ठिपक्यांचा कागद दिसतो. सोय चांगली आहे. पण आजींचा गुप्त आकडा नातवाला पाठ, दुकानदाराला पाठ, आणि आजींना तेवढा माहीत नाही, असे झाले तर खाते कोणाचे म्हणायचे? किती घरांत बाईच्या बँकखात्याला दिराचा नाहीतर नवऱ्याचा नंबर जोडलेला असतो! खात्यात पैसे आले, की गेले, ते तिला दुसऱ्याने सांगावे तेव्हा कळते. ज्याचे खाते त्याचाच नंबर जोडलेला असावा. बँकेत एकदा अर्ज दिला म्हणजे हे काम होते.

म्हणून आधी लाल बटणे शिकू या.

पहिले बटण. पैसे घेण्यासाठी गुप्त आकडा कधीच लागत नाही, तो फक्त पैसे देताना लागतो. "तुमच्या कांद्याचे पैसे पाठवतो, जरा पिन टाका" असे कोणी म्हणाला, तर फोन खाली ठेवावा. ठिपक्यांचा कागद मोबाइलने टिपणेसुद्धा पैसे देण्यासाठीच असते.

दुसरे बटण. फोनवर आलेला ओटीपी, म्हणजे तेवढ्यापुरता मिळालेला आकडा, हा किल्लीसारखा आहे. बँकेचा साहेब म्हणवणाऱ्यालाही तो सांगायचा नाही. घराची किल्ली आपण टपालाने पाठवतो का?

तिसरे बटण. पोलिसी गणवेशातला कोणी पडद्यावर दिसला आणि म्हणाला, "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, खोलीतून हलू नका, कुणाला सांगू नका," तर पक्के समजावे की तो ठग आहे. अशी अटक आपल्या कायद्यातच नाही. "कुणाला सांगू नका" हे शब्द कानावर पडले की लगेच घरातल्या चार माणसांना सांगावे.

चौथे बटण. फसवणूक झालीच, तर लाजत बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त. फोन हरवला तर सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावरून तो बंद करता येतो. त्यासाठी फोनचा पंधरा आकडी क्रमांक लागतो. *#०६# दाबले की तो पडद्यावर दिसतो. आजच वहीत उतरवून ठेवा.

लाल बटणे झाली, आता रोजची सोय. फोनची भाषा मराठी करून घ्या, अक्षर मोठे करून घ्या. कांदा काढून, नाहीतर लोखंड हाताळून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. मग बोट टेकवून फोन उघडत नाही. त्यात फोनचा दोष नाही आणि तुमचाही नाही, आकड्याचे कुलूप लावावे. टंकन जमत नसेल तर माइकच्या चित्रावर बोट ठेवून मराठीत बोला, अक्षरे आपोआप उमटतात. आणि महत्त्वाचे चार नंबर वहीतही असू द्या, कारण बॅटरी संपली म्हणजे शहाणा फोनही मुका होतो.

पण हे शिकवणार कोण? इथे एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९५६ साली, फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साह्याने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावी पंधरा-वीस जणांचे शेतकरी मंडळ केले. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर बोलायचे, शंका आकाशवाणीला लिहून कळवायच्या, आणि पटले ते करून पाहायचे. ऐका, चर्चा करा, कृती करा, असे त्याचे सूत्र होते. असे वीस कार्यक्रम झाले. पुढे १९५९ पासून अशी मंडळे देशात इतरत्रही सुरू झाली.

रेडिओ चावडीवर आला तेव्हा तो सगळ्यांचा होता, त्यामुळे शंकाही सगळ्यांच्या होत्या. मोबाइल मात्र एकेकाच्या मुठीत आला, आणि शंका मुठीतच राहिल्या. माणूस विचारायला लाजतो, आणि ठगाला नेमका असा एकटा माणूस हवा असतो.

तेव्हा गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास वर्ग उघडा ठेवा. दहा माणसे जमली तरी पुरे. एका बैठकीला एकच गोष्ट घ्या. एकदा कुलूप, एकदा पैसे, एकदा सात-बारा, एकदा पीक पाहणी. वरच्या वर्गातली मुले शिकवायला बसवा, पण त्यांना एकच नियम घाला. तोंड शिकवणाऱ्याचे, बोट शिकणाऱ्याचे. आजोबांच्या फोनला मुलाने हात लावायचा नाही. वेळ लागेल, चुकेल, पुन्हा करावे लागेल. पोहायला शिकवणाराही दुसऱ्याच्या वतीने पोहत नाही.

आणि कारखान्यात जाणाऱ्या तरुणांनो, तुमच्या साप्ताहिक सुट्टीतला अर्धा तास आईवडिलांना द्या. "द्या इकडं" ऐवजी "तुम्ही करा, मी बसलोय" असे म्हणा. ज्या दिवशी आई स्वतःच्या बोटाने तुम्हाला पहिला संदेश पाठवील, त्या दिवशी तो फोन खऱ्या अर्थाने तिचा झाला.